इंटरवलला दिवे लागतात

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. म्हणून आरंभीच वाचकांची क्षमा मागते. माझे सारे आयुष्य एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, इतरांनी लिहिलेली पुस्तके जागेवर लावण्यात गेले. निवृत्त होईपर्यंत पोस्टकार्डाहून मोठे असे काही मी स्वतःहून लिहिले नव्हते, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मी आजही मागच्या बाकावर सरकते. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना ओळखणारी आणि माझ्याहून मोकळेपणाने सांगू शकतील अशी माणसे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. तरीही लिहीत आहे. त्याचे एक कारण प्रेम आहे. दुसरे कारण तितकेसे शोभणारे नाही, पण ते लपवले तर हा लेख खोटा होईल... मला एका माणसावर सूड उगवायचा आहे, आणि माझ्या हाती भाषेखेरीज दुसरे काही नाही.

दिवाळी नुकतीच उलटली होती. दुपारी फोन वाजला. पलीकडे हौसाक्का होत्या. आमच्याच चर्चमधल्या, आणि मार्थाक्कांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. "बाई, मार्थाक्का गेली वो," एवढे म्हणून त्या रडू लागल्या. मग रडता रडताच सांगू लागल्या. "भाजी निवडत बसलेली. मला म्हणाली, हौसे, जरा पाणी दे. मी पाणी आणोस्तवर मान खाली... टीव्ही चालूच हुता. कसलातरी पिक्चर लागलेला. मी बंद केला न्हाई बघा. म्हटलं, आजून बघत आसंल." मी फोन ठेवला. मला हसू आले होते, आणि त्याची लाज वाटत होती. मार्थाक्कांच्या मरणाची बातमी ऐकूनही माणसाला हसू यावे, ही त्यांचीच करणी.

मार्थाक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ते संबोधन त्यांच्याबरोबर कोल्हापुरात आले आणि त्या साऱ्या मंडळीच्या अक्का झाल्या. आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतो, म्हणून तो शब्द इथे पुन्हा पुन्हा येईल. त्यांचे यजमान शहरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वर कोंदट खोलीत बसून मशीन चालवणारे. ते ऐन उमेदीत वारले, तेव्हा टॉकीजच्या मालकांनी अक्कांना खाली लेडीज खिडकीवर तिकिटे द्यायला बसवले. ज्यांनी ती खिडकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडी भिंतीत एक लहानसे भोक, त्याला लोखंडी चौकट, आणि पलीकडे कोण बसले आहे ते दिसत नसे. बायका हात आत घालीत, आतला हात पैसे घेई आणि तिकीट ठेवी. वर्षानुवर्षे अर्ध्या शहरातल्या बायका मार्थाक्कांना केवळ हातावरून ओळखत होत्या.

माझी त्यांची ओळखही तशीच झाली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पुण्यातले शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागले होते. आईने एका दुपारी मॅटिनीचा हट्ट धरला. आमच्या घरी चित्रपट पाहणे पाप मानत नसत. पण पाहिल्याचे कोणाला सांगतही नसत. मी पदर डोक्यावरून घेतला आणि पैसे धरलेली मूठ त्या भोकात घातली. आतून मोठ्याने आवाज आला, "हात थरथरतोय म्हंजे आपल्या मंडळीतला दिसतोय!" मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. मी मूठ तशीच घट्ट धरून मागे ओढू लागले, तर ती चौकटीत अडकली. "ए पावणं," आतून पुन्हा आवाज आला, "मूठ सोड की. पैसं सोडल्याबिगर हात भाईर निघायचा न्हाई. आन् घाबरतीस कशाला? पिक्चर हाय, पाप न्हाय." मी मूठ सोडली. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, माझा हात उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाल्या, "ह्योच त्यो. आता सांग, प्रभू म्हणाला, अरुंद दरवाजानं आत या, त्यो दरवाजा कुठला? लेडीज खिडकी! रिकामा हात जातोय, रिकामा निघतोय. मूठवाला अडकतोय."

मी धर्मशास्त्रावरचे ग्रंथ वाचले होते. अरुंद दरवाजाविषयी इतके नेमके मला कोणी सांगितले नव्हते, आणि तेही माझाच हात धरून.

पुढे त्यांनी मला रविवारच्या मुलांच्या शाळेत ओढले. चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर मुले बसत. "अध्याय आन् वचन तू सांगायचं, लायब्ररी, बाकीचं मी बघतो," अशी कामाची वाटणी झाली. कोल्हापूरच्या बायका 'मी बघतो, मी जातो' असेच बोलतात, अक्काही बोलत. लायब्ररी हे माझे नाव त्यांनीच ठेवले. चित्रपट, दूरदर्शन, मंडईतली भांडणे, केबल आल्यावर घराघरांत सुरू झालेल्या सासवासुनांच्या मालिका, असे काहीही त्यांना शास्त्रापासून दूरचे वाटत नसे. 'हाउसफुल्ल'ची पाटी पाहून परत फिरणाऱ्या बायकांची तोंडे त्यांनी रोज पाहिली होती. म्हणून पित्याच्या घरात, म्हणजे स्वर्गात, पुष्कळ जागा आहे हे वचन आले की त्या एकेका मुलाच्या तोंडाकडे पाहत. "तिथं पाटी लागत न्हाई," एवढेच म्हणत.

एक प्रसंग मला सविस्तर सांगायला हवा, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. गुड फ्रायडे होऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मुले रविवारच्या सणासाठी चर्च झाडायला आली होती. एका मुलीने विचारले, "अक्का, शुक्रवारी येशू मेला, रविवारी उठला. मग शनिवारी काय?"

"इंटरवल," अक्का म्हणाल्या.

मुले खिदळली. अक्कांनी झाडू भिंतीला टेकवला आणि खाली बसल्या. "हसताय काय? इंटरवल झाला ते कसं वळखायचं, सांगा."

"दिवे लागतात!"

"लागत्यात न्हवं? दिवे लागले की नवा माणूस काय करतोय? पायानं चप्पल चाचपतोय. हिरो पडला, व्हिलन हसला, दिवे लागले, चला घरला. शिष्यांचं तेच झालं. त्यास्नी पिक्चर बघायची सवय न्हवती." मुले पुन्हा हसली, पण अक्कांचा आवाज खाली आला होता. "एक ध्यानात ठेवा. अंधारात तेवढं भ्या वाटत न्हाई. अंधारात नजर पडद्यावर आसती. दिवे लागले की भिंतीचा उडालेला चुना दिसतोय, शेजारच्याचं रडून सुजलेलं तोंड दिसतंय, पडदा म्हंजे नुस्तं कापड हाय ते दिसतंय. शुक्रवारी येशू मरताना भर दुपारी अंधार पडलता, त्यो देवानं पाडलेला. शनवारी नेहमीसारखं ऊन पडलं. शेजारीपाजारी जेवली, पोरं खेळली. त्यो शनवार लई वंगाळ. माझा माणूस गेला त्येच्या दुसऱ्या दिवशी असलंच ऊन पडलतं."

"मग काय करायचं, अक्का?"

"बसून ऱ्हायाचं. खुर्ची सोडायची न्हाई. मशीनवाला वर हाय... रीळ बदलतोय."

त्या चर्चच्या इमारतीत मी असंख्य प्रवचने ऐकली आहेत. माझ्या आईच्या मृत्यूनंतर, तिच्या रिकाम्या खाटेवर भर दुपारचे ऊन पडलेले पाहताना, मला त्यांपैकी एकही आठवले नाही. मला मशीनवाला आठवला.

आता त्या माणसाकडे वळते. ते मंडळीचे ज्येष्ठ पंच. सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कपड्यांतले, शुद्ध बोलणारे. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बदलीने येत आणि जात. हे गृहस्थ कायमचे. पाळक परगावी असले की प्रवचनही तेच करीत. सारे त्यांना साहेब म्हणत, मीही म्हणत आले. त्या वर्षीच्या नाताळात मुलांनी अक्कांच्या सांगण्यावरून जक्कयाची गोष्ट नाटुकल्यात बसवली. जक्कय हा लोकांना नाडून श्रीमंत झालेला जकातदार. प्रभूला पाहायला झाडावर चढून बसला आणि प्रभू आपण होऊन त्याच्या घरी जेवायला गेला. अक्कांनी त्याचा केला तिकिटांचा ब्लॅकवाला. कागदी झाडाच्या फांदीवर बसून तो तोंडाच्या कोपऱ्यातून "बाल्कनी... बाल्कनी..." असे फुसफुसत होता, आणि चर्चमध्ये हसण्याचा कल्लोळ उठला होता. मग चादर पांघरलेली, प्रभू झालेली एक थोरली मुलगी झाडाखाली येऊन उभी राहिली आणि वर पाहून म्हणाली, "ए पावणं, उतर खाली. आज तुझ्या घरी जेवाय येणार हाय."

हसणे एकदम थांबले. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. पण तो शब्द प्रभूच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अक्का डोळे पुसत कुजबुजल्या, "जेवाय सोता जायचं आन् पावणं दुसऱ्याला म्हणायचं. ह्यो येशू कोल्हापूरचाच गं!"

साहेब मात्र उठून बाहेर गेले होते.

नव्या वर्षी मंडळीची वार्षिक सभा भरली. साहेबांनी तो विषय स्वतः मांडला. "ज्या ओठांनी प्रभूचे नाव घ्यायचे, त्याच ओठांनी आमची लेकरे चित्रपटगृहाच्या दारातली भाषा बोलत आहेत," ते म्हणाले. "मी जन्मात चित्रपटगृहाची पायरी चढलेलो नाही. याचा मला अभिमान आहे."

अक्का बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. "साहेब, प्रभू जक्कयाच्या घरात गेलता. रस्त्यावरनं उपदेश करून फुडं गेला न्हवता."

साहेब हसले. ते हसू मी विसरलेली नाही. "मार्थाबाई," ते अतिशय मृदू स्वरात म्हणाले, "आपले नावच मार्था. शास्त्रातली मार्थासुद्धा बोलण्यापेक्षा रांधण्यावाढण्यात रमणारी होती. उपासनेनंतरच्या चहाची व्यवस्था आपण पाहावी. मुलांचे आम्ही पाहू." पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. काही बायकाही हसल्या. हात वर झाले, ठराव संमत झाला, आणि ज्या बाईने त्या खोलीतल्या मुलांना शनिवार कसा सोसायचा ते शिकवले होते, तिच्या हाती किटली आली.

बाहेर आल्यावर मी रडत होते. अक्का चपला घालत होत्या. "चहा तर चहा," त्या म्हणाल्या. "त्या मार्थेनं जेवण रांधलं म्हणून बाकीची निवांत बसून ऐकत हुती. उपाशी पोटी कोण ऐकतंय गं?" त्यांना ते लागले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. रविवारी मुले रांगेने मागच्या खोलीकडे जात, तेव्हा त्यांची वाट स्वयंपाकघरावरून जाई. मुले "अक्का!" म्हणून हाका मारीत. अक्का दाराकडे पाठ करून उभ्या राहत आणि गरज नसताना कपबशा खळखळा विसळत. तो कपबशांचा आवाज माझ्या मनात साहेबांच्या नावे जमा आहे.

पण त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. कपबशा धुता धुता हौसाक्का, मी आणि आणखी दोघीतिघी ऐकत असू. आदल्या रात्रीच्या मालिकेतल्या सुनेने सासूच्या पाया पडताना मनात काय म्हटले असेल, यावरून त्या शास्त्रातल्या परुश्याच्या, म्हणजे देवापुढे स्वतःचीच थोरवी गाणाऱ्या ढोंगी धर्मनिष्ठाच्या, प्रार्थनेवर येत. "तोंडानं 'आई, आई', पोटात विळी," असे म्हणून अक्का त्या नटीची हुबेहूब नक्कल करीत. लेडीज खिडकी आणि शनिवारचा इंटरवलही तिथे पुन्हा पुन्हा निघे. साहेब बिनसाखरेचा चहा घ्यायला दाराशी येत आणि बशी हातात धरून, छताकडे पाहत, बराच वेळ तिथेच रेंगाळत. मला वाटे, चहा गरम असेल.

मग एका रविवारी पाळक परगावी होते आणि साहेब पुलपीटावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, होते. "परवा मी रेल्वेच्या आरक्षण खिडकीपाशी उभा होतो," ते म्हणाले, "आणि माझ्या मनात विचार आला, अरुंद दरवाजा तो हाच. मूठ सोडल्याखेरीज हात बाहेर येत नाही..." मी अक्कांकडे पाहिले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, पण खांदे हलत होते. हसत होत्या! पुढे ते नेहमीचेच झाले. मालिकेतली सून 'माझ्या परिचयातल्या एका कुटुंबातली' होऊन पुलपीटावर आली. ब्लॅकवाला जक्कय 'काळाबाजार करणारा व्यापारी' होऊन आला. चित्रपटगृहाचा वास येणार नाही इतपत धुऊन, इस्त्री करून, अक्कांचे एकेक वस्त्र साहेबांच्या अंगावर चढत गेले. लोक त्यांना परगावच्या मंडळ्यांत प्रवचनाला बोलावू लागले.

"अक्का, हे तुमचे आहे," मी एकदा न राहवून म्हणाले. "तुम्ही उठून सांगत का नाही?"

"घिऊ दे की. गोष्ट काय माझ्या बापाची हाय? पोरास्नी मिळतीया न्हवं, कुणाच्या का तोंडानं."

"तुम्हांला सूड घ्यावासा नाही वाटत?"

त्या एकदम सरसावून बसल्या. "वाटतोय की! मला सूडाचे पिक्चर लई आवडत्यात. शेवटच्या रिळात व्हिलन पडलाच पायजे, न्हाय तर पब्लिक खुर्च्या फाडतंय. मी सोता फाडीन."

"मग 'सूड घेणे माझ्याकडे आहे' असे म्हणून देवाने तो आपल्याकडे का ठेवून घेतला?"

"ल्हान पोर विळी मागतंय. आई काय म्हणती? इकडं आण, मी चिरून देतो. म्हंजे भाजी चिरायचीच न्हाई, असं कुठं हाय?"

माझ्या मनाचे त्या दिवशी समाधान झाले. आता होत नाही. कारण पुढे टॉकीज बंद पडली, खिडकी विटांनी बुजवली गेली, अक्का घरी बसल्या, रविवारचा चहा मात्र गुडघे दुखत असतानाही करीत राहिल्या... आणि साहेबांना काहीही झाले नाही. त्यांचे दात शाबूत राहिले, मान वाढत गेला. देवाला भाजी चिरायची घाई नव्हती. मी मात्र, कोणालाही न दुखावणारी म्हणून ओळखली जाणारी बाई, दर रविवारी त्यांच्या मानेकडे पाहत बसत असे आणि मनात म्हणत असे, एकदा तरी, सगळ्यांदेखत...

ती वेळ अक्कांच्याच स्मरणोपासनेत आली. नवे पाळक अद्याप रुजू व्हायचे होते. प्रवचन साहेबांकडे गेले. समोर अक्कांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. "भगिनी मार्था उत्तम चहा करीत," अशी त्यांनी सुरुवात केली. अक्कांविषयी तेवढेच एक वाक्य. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुढचे वाक्य काय येणार ते मला कळले. "प्रियजनहो, मला नेहमी वाटते, मृत्यू म्हणजे मध्यंतर. चित्रपट रंगात आलेला असतो आणि अकस्मात मध्यंतर होते. सर्वत्र काळोख पसरतो. त्या काळोखात प्रेक्षक भयभीत होतात..."

"इंटरवलला दिवे लागत्यात वो साहेब!"

हौसाक्का होत्या. हळू बोलायचे असा त्यांचा हेतू असावा. पण कोल्हापूरचे हळू ते किती हळू असणार? बायकांच्या बाकांवरून दबलेल्या हसण्याची लाट गेली. मागे बसलेली, आता बाप्ये झालेली रविवारच्या शाळेतली मुले माना खाली घालून हसत होती. साहेब थांबले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तर... त्या काळोखात..." त्यांना चूक कळलीच नव्हती. ज्या पायरीवर न चढल्याचा अभिमान त्यांनी जन्मभर मिरवला, त्याच पायरीवर ते पडले, आणि पडल्याचेही त्यांना समजले नाही. एका विधवेने स्वतःच्या दुःखाच्या उन्हातून वेचलेली गोष्ट, तिच्याच फोटोसमोर, तिचे नाव न घेता सांगितली गेली, आणि तीही चुकीची. चोरलेला दिवा घरी नेऊन त्यांना पेटवता आला नव्हता. तरी बाहेर पडताना लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "काय दृष्टांत दिलात, साहेब!"

काही दिवसांनी ते माझ्या घरी आले. मंडळीची स्मरणिका निघणार आहे. मार्थाबाईंवरचा लेख मी लिहावा, असे त्यांचे म्हणणे. "तुमचे मराठी शुद्ध आहे," ते म्हणाले. "आरंभी त्यांच्या सेवाभावाचा, चहाचा उल्लेख असावा. आणि माझा तो मध्यंतराचा विचार जरा विस्ताराने यावा. बऱ्याच जणांनी विचारणा केली आहे." बोलता बोलता त्यांची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. मी त्यांना चहा विचारला नाही. या शहरात वैऱ्यालाही चहा विचारतात. माझ्या आयुष्यात मी कोणाचा केलेला तो पहिला अपमान, आणि तो करताना मला फार बरे वाटले. "लिहिते," एवढेच मी म्हणाले.

तो लेख हाच. स्मरणिकेत तो छापला जाणार नाही, म्हणून वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीकडे पाठवला आहे. माझ्या शुद्ध मराठीवरचा त्यांचा विश्वास सार्थ ठरावा म्हणून प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाहिला आहे. लेडीज खिडकी मार्थाक्कांची. झाडावरचा ब्लॅकवाला मार्थाक्कांचा. सासूच्या पाया पडणारी सून त्यांची. इंटरवल त्यांचा, त्यातले दिवे त्यांचे, आणि वर बसून रीळ बदलणारा मशीनवाला तर त्यांचाच. जिथे जिथे साहेबांनी हे सांगितले, तिथल्या मंडळ्यांनी कृपा करून आपल्या आठवणीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी. साहेबांचे नाव मी लिहिलेले नाही, आणि ते औदार्य समजू नये. रविवारी पुलपीटावर उभे राहिल्यावर समोरच्या एकेका तोंडाकडे पाहून, याने वाचले असेल की नाही, असा तर्क त्यांना करीत बसावा लागावा, अशी माझी इच्छा आहे. भर दिवे लागलेल्या थिएटरात ते एकटेच पडद्यासमोर उभे असावेत. क्षमा करावी असे मला ठाऊक आहे. ते शिकवणारी पुस्तके मीच कपाटात लावली आहेत. क्षमा माझ्यापाशी आलेली नाही, आणि जे नाही ते आहे म्हणून मी लिहिणार नाही.

हे लिहून संपवले आणि सुटल्यासारखे वाटेल अशी माझी समजूत होती. मग ध्यानात आले की, पुरवणी रविवारी सकाळी घरोघर पडेल, आणि तो महिन्याचा पहिला रविवार आहे. त्या दिवशी आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी, असते. पंच भाकरीच्या तुकड्यांचे ताट घेऊन बाकांवरून फिरतात, आणि आमच्या मंडळीची रीत अशी की, देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकमेकांना सलाम म्हणायचा. ज्याच्या मनात देणाऱ्याविषयी अढी असेल, त्याने ताटाला हात लावायचा नाही. आमच्या बाकाकडे साहेब येतात. बाकाच्या टोकाला अक्का बसत, त्यांच्या शेजारी मी. ताट आधी अक्कांपुढे येई. त्या साहेबांच्या डोळ्यांत पाहून, साऱ्या चर्चला ऐकू जाईल असा "सलाम, साहेब!" घालीत, ताट त्यांच्या हातून घेत आणि माझ्याकडे वळवीत. मी माझा तुकडा नेहमी अक्कांच्या हातून घेतला. साहेबांना सलाम म्हणण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. आता टोकाची जागा रिकामी आहे. मी अजून तिथे सरकलेले नाही, आणि दुसऱ्या कोणीही तिथे बसायला धजत नाही. या रविवारी ते ताट त्या रिकाम्या जागेवरून पुढे होऊन थेट माझ्यासमोर येईल. ते धरणाऱ्याने कदाचित सकाळीच हा लेख वाचलेला असेल.

तुम्ही माझ्या जागी असता, तर सलाम म्हणून ती भाकर घेतली असती का?